राखाडी अक्षरं

"तू ह्यांना बोलायला शिकवतोयस की गप्प बसायला, ते सांग मला आधी!"

नूलकर बाईंनी डस्टर टेबलावर आपटला आणि खडूची सगळी धूळ शंभूच्या टॅबवर जाऊन बसली. शंभूचं डोकं तिथंच सटकलं.

"बाई, डस्टर बाजूला ठेवा. टॅब कंपनीचा हाय."

"कंपनीचा असू दे नाहीतर कलेक्टरचा. माझ्या तासाला हे गळ्यातले पट्टे काढायचे म्हणजे काढायचे."

"पट्टे न्हवं, कंठी म्हणत्यात त्याला. आणि तास तुमचा कसला? समाजमंदिर सगळ्यांचं हाय."

सतरंजीवर बसलेली माणसं मान खाली घालून ऐकत होती. मधे पडायची कुणाची हिंमत नव्हती. ही सगळी मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरची. समुद्र घरांत शिरला आणि मुक्कामालाच राहिला, तेव्हा त्यांना घाट चढवून गडहिंग्लजच्या माळावर आणून ठेवलं. नजर जाईल तिथवर ऊस, नाहीतर खडक. गावातली पोरं वसाहतीला 'सुकट कॉलनी' म्हणायची. त्यात शंभूही होता, पहिल्या रांगेत.

आता दक्षिणेकडचा एक थंड देश समुद्र कळणाऱ्या कुटुंबांना नेणार होता. तिकडच्या किनाऱ्यावर शेवाळाची शेती करायची, राहायला घर मिळायचं आणि दारातनं लाटा दिसायच्या. पण आधी इंग्रजीत मुलाखत. त्या देशाचं नाव वसाहतीत कुणी घेत नव्हतं. नुसतं 'थय' म्हणायचे. तिथं. नाव घेतलं की हातातनं निसटेल अशी भीती वाटायची बहुतेक.

नूलकर बाई निवृत्त झाल्यापासून इथं इंग्रजी शिकवत होत्या. उभं राहायचं, तोंड उघडायचं, चुकायचं, पुन्हा बोलायचं. त्यांच्याकडे दुसरी पद्धतच नव्हती. आणि शंभू पोवार म्हणजे नववीत वर्गशिक्षकांच्या अंगावर धावून गेलेलं आणि नंतर शाळेच्या फाटकाकडेही न फिरकलेलं पोरगं. यंत्रं मात्र त्याच्या हातात आली की शहाणी व्हायची. म्हणून कंठीवाल्या कंपनीनं त्याला वसाहतीचा चालक नेमला होता.

"प्रणिता, ऊठ गं," बाई म्हणाल्या. "दाखव ह्याला. व्हेअर इज युवर हजबंड?"

प्रणिता तारी उठली. पस्तिशीची, सडपातळ, उन्हानं रापलेली. तिनं पदर खोचला, कडा चढायचाय असा श्वास घेतला आणि म्हणाली, "माय... हजबंड... इज अ‍ॅट सी."

"ऐकलंस? स्वतःच्या तोंडानं!"

"ऐकलं की. काकींचं एवढं बोलून होईपर्यंत थय जायचं विमान सुटून जाईल."

सगळे हसले. म्हातारा उल्हास मेथर तर खोकला लागेपर्यंत हसला. प्रणिता हसली नाही. ती बसली आणि सतरंजीचे दोरे ओढत राहिली.

बाईंचा आवाज एकदम खाली आला. "शाळा सुटली तुझी शंभू, पण उर्मटपणातला पहिला नंबर काही सुटला नाही."

"बघाच तुम्ही," शंभू म्हणाला. कान तापले होते त्याचे. "काकींची मुलाखत कंठीवर हुंदे. पहिल्या फटक्यात पास करून दाखवतो."

*

कंठी म्हणजे गळ्याला बसणारी बोटभर रुंद पट्टी. आपण मनातल्या मनात बोलतो, तेव्हासुद्धा मेंदू जिभेला आणि घशाला बारीक निरोप धाडत असतो. ओठ हलत नाहीत, आवाज येत नाही, पण स्नायू किंचित थरथरतात. ती थरथर पट्टीतले ठिपके पकडतात. आठवडाभर घातली की यंत्राला त्या माणसाची थरथर पाठ होते. मग तो मालवणीत मनात बोलला की पट्टीतनं इंग्रजी ऐकू येतं, ते पण त्याच्याच आवाजात. पहिल्यांदा ऐकल्यावर उल्हास मेथरनं मागं वळून बघितलं होतं. आपल्या मागं आपणच बसलोय की काय, म्हणून.

एक मोठी अडचण होती, आणि ती सोडवणाऱ्याचं डोकं खरंच भारी. माणसाच्या मनात येतं ते सगळं काही त्याला बोलायचं नसतं. नुसतं मनात आलेलं असेल तर थरथर फिकी असते, बोलायचं ठरवलेलं असेल तर दाट. दोन्हीच्या मधे यंत्रात एक रेघ ओढलेली. तिला चालक लोक 'उंबरा' म्हणायचे. उंबऱ्याच्या आतलं आत राहायचं, उंबरा ओलांडून आलेलंच बाहेर पडायचं. रेघ वर-खाली करायची सोय चालकाच्या टॅबवर होती, कारण कुणाची थरथर मुळातच मंद असते, कुणाची जोरकस. एकदा बसवला की उंबरा हलवायचा नाही, असं प्रशिक्षणात घोकून घेतलेलं.

तिथंच आणखी एक गोष्ट सांगितली होती. टॅबवर बोललेलं काळ्या अक्षरांत उमटतं आणि न बोललेलं राखाडी अक्षरांत. राखाडी अक्षरं फक्त यंत्र नीट चालतंय का हे तपासण्यापुरती. एरवी ती झाकून ठेवायची.

शंभूनं ती झाकली होती, एकच दिवस.

मग त्याला नादच लागला. वर्गात सगळे सरळ चेहऱ्यानं बसलेले असायचे आणि खाली टॅबवर नुसती जत्रा. एकीला बाईंच्या साडीची किंमत जाणून घ्यायची होती. उल्हास मेथर बाईंच्या प्रत्येक प्रश्नाला मनात शिवी हासडायचा आणि वर गोड हसून 'येस मॅडम' म्हणायचा. कुणीतरी शंभूला मनात 'मुंगूस' म्हणत होतं. ते कोण हे कळल्यावर शंभूनं त्या बिचाऱ्याची कंठी मुद्दाम आवळून बसवली. आपण लोकांच्या घरात खिडकीतनं डोकावतोय, असं त्याला कधी वाटलं नाही. अंगात एक नशा असायची नुसती.

प्रणिताची राखाडी अक्षरं मात्र वेगळी होती. ती "माय हजबंड इज अ‍ॅट सी" म्हणायची, ते काळ्यात उमटायचं. आणि खाली, दर वेळी, राखाडीत: गेलो तो. गेलो. पयल्याच रात्री गेलो.

शंभूनं उल्हास मेथरला सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "तारीकाकींचा नवरा कुठल्या बोटीवर असतोय हो?"

मेथरचा चेष्टेखोर चेहरा एकदम मिटला. "हेमंत? हेमंत दर्यार गेलो हा."

"कधी?"

"त्येची पोरगी पाळण्यात होती तेवा."

"म्हंजे मेला की मग!"

म्हाताऱ्यानं त्याच्या तोंडावर हातच ठेवला. हाताला सुकटाचा वास होता. "तसा बोलूचा नाय झिला. दर्यात गेलेल्याचा अंग हाताक लागूक नाय, तर तो गेलो असा घरातल्यान म्हणूचा नाय. जो पयलो म्हणता, तो त्येका मारता. कुबलांच्या घरात एकदा भाव बोललो. आवशीन मरासर त्येच्या हातचा पाणी घेतल्यान नाय."

शंभूला हसू आलं होतं. एका शब्दापायी आई पोराच्या हातचं पाणी मरेपर्यंत घेत नाही, काय खुळ्यांचा बाजार.

पण मुलाखतीचे नियम त्याला पाठ होते. कुटुंब न्यायचं ते पूर्ण न्यायचं. नवरा समुद्रावर आहे म्हटलं, की तो येईपर्यंत सगळं घर थांबलं. विधवा बाई असेल, तर ती, पोरं आणि सांभाळायचं म्हातारं माणूस लगेच पुढं. म्हणजे बाईंनी घोकून घेतलेलं ते एक वाक्य प्रणिताला जन्मभर ह्या माळावर डांबून ठेवणार होतं. आणि सुटकेचं वाक्य तिच्याच गळ्यात होतं, उंबऱ्याच्या जरा आत.

मी काय खोटं घालतोय त्यात, शंभूनं स्वतःला सांगितलं. तिचंच हाय, तिच्याच आवाजात येणार. बाईंचं तोंड तेवढं बघायचं.

*

मुलाखत समाजमंदिरातच, भिंतीवरच्या पडद्यावर. घरच्या सगळ्यांनी हजर राहायचं होतं. प्रणिता मधे बसली. एका बाजूला तिची पोरगी तन्वी, दोन वेण्या घट्ट बांधलेली. दुसऱ्या बाजूला सासरा. तारीआजोबा एके काळचे तांडेल, बोटीचे मुख्य. इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, खुर्ची कधीही कलंडेल अशा बेतानं. नूलकर बाई मागं भिंतीला टेकून उभ्या होत्या. शंभू टॅब घेऊन खिडकीशी.

पडद्यावरची गोरी बाई गोड बोलत होती. नाव काय, वय काय, शेवाळ कधी हाताळलंय का. प्रणिताच्या गळ्यातनं उत्तरं झरझर येत होती. मधे एकदा गोरी बाई हसलीसुद्धा. शंभूनं नूलकर बाईंकडं बघितलं. बाई नखं कुरतडत होत्या.

मग तो प्रश्न आला. "व्हेअर इज युवर हजबंड?"

प्रणितानं मान वर केली. हे तिला स्वतःच्या तोंडानं बोलायचं होतं, ते दिसतच होतं. तिनं तोच कडा चढायचा श्वास घेतला, ओठ उघडले.

शंभूनं उंबरा खाली ओढला. पार तळापर्यंत.

"ही इज डेड," कंठी म्हणाली.

प्रणिताचे ओठ तसेच उघडे राहिले. आवाज तिचाच होता, शांत आणि स्पष्ट. तो थांबला नाही. पहिल्याच रात्री गेला, कंठी इंग्रजीत सांगत होती. मला वाऱ्यावरून कळलं. मी तेव्हाच रडून घेतलं, मोरीत, नळ सोडून. मग तिचे डोळे सासऱ्याकडं वळले आणि कंठी म्हणाली, ह्यांना ऐकू देऊ नका. नको. ह्यांच्यासमोर नको. देवा, हे कोण बोलतंय. थांबवा हे. थांबवा.

एवढं इंग्रजी आजोबांना कुठलं कळायला. पण 'डेड' कुणाला कळत नाही?

शंभू उंबरा वर ओढायला गेला. घामानं बोट घसरलं, एकदा, दोनदा, टॅब दाद देईना. तोवर प्रणितानं दोन्ही हातांनी पट्टी धरून ओरबाडून काढली. जमिनीवर पडल्यावर ती गप्प झाली. प्रणिताच्या गळ्यावर लाल ओरखडा उठला होता. तन्वी म्हणत होती, "आई, काय झाला? आई?"

पडद्यावरची बाई हळू आवाजात काहीतरी सांत्वनाचं बोलली. मग म्हणाली, काळजी करू नका, तुम्ही तिघं पहिल्याच तुकडीत आहात.

तारीआजोबा उठले. सुनेकडं त्यांनी बघितलं नाही. दारात चपला घालताना त्यांना डावी-उजवी कळेना, तशीच उलटसुलट घालून ते उन्हात चालायला लागले.

*

पास करून दाखवतो म्हणाला होता, दाखवलं पास करून. शंभूनं वाट बघितली, कुणीतरी शाबास म्हणेल.

वसाहत मुकी झाली होती. नळावर प्रणिता आली की बायका हंडे उचलून बाजूला व्हायच्या. फार नाही, हातभरच. तारीआजोबा जेवायला मेथरांकडं जायला लागले. प्रणिता रोज ताट वाढायची, झाकायची आणि संध्याकाळी तन्वीबरोबर मेथरांकडं पाठवून द्यायची. ताट जसंच्या तसं परत यायचं. मेथर वर्गात आला, पण हसला नाही. कंठी द्यायला शंभूनं हात पुढं केला, तर म्हाताऱ्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

नूलकर बाईंनी त्याला वर्ग सुटल्यावर गाठलं. शंभूनं आधीच अंगावर काटे उभे करून ठेवले होते. बोलूदेत एक शब्द, मग बघतो.

बाईंनी एवढंच विचारलं, "उंबरा कुठं होता, शंभू?"

"जिथं असतोय तिथंच."

"बरं."

त्या फळा पुसायला लागल्या. पुसलेलाच फळा पुन्हा पुसत होत्या. त्यांनी डस्टर फेकून मारला असता तर शंभूला बरं वाटलं असतं. तो बाहेर आला आणि त्यानं पायरीला लाथ घातली. पायरीला काय होतंय? अंगठ्याचं नख निघालं.

घरी गेल्यावर पायाला हळद लावताना त्याला एकाएकी वाटलं, आत्ता आपल्या गळ्यात कंठी असती तर? उंबरा तळाला असता तर? आईसमोर, शेजाऱ्यांसमोर, बाईंसमोर? सुकट कॉलनी, मुंगूस, आवळलेली पट्टी, प्रणिताचे उघडे ओठ, खाली जाणारं आपलं बोट. त्याचा हात आपसूक गळ्याशी गेला. आई म्हणाली, "घसा दुखतोय काय रे?" तो तोंड धुवायला म्हणून मागच्या दारी गेला आणि नळ सोडून उभा राहिला. मग त्याला आठवलं, नळ सोडून कोण उभं होतं. त्यानं नळ बंद केला. चेहरा कुठं लपवावा ते कळेना.

*

दुपारच्या उन्हात तो तारींच्या घरी गेला. लंगडत. दार उघडंच होतं. आजोबा दाराशी भिंतीला पाठ लावून बसले होते. आत प्रणिता बांगडा साफ करत होती, बाजारातला, बर्फात राहून डोळे गेलेला.

"आजोबा," शंभू म्हणाला. पाठ करून आणलेलं सगळं विसरला होता तो. "त्या दिवशी काकी बोलल्या न्हाईत. मी बोललो. म्हंजे, यंत्राचा उंबरा मी खाली ओढला. मुद्दाम."

आजोबांनी हळूहळू मान वर केली. "मशीनान खोटा सांगल्यान?"

शंभूच्या लक्षात आलं, हीच फट. एक 'होय' म्हटलं की झालं. यंत्र बिघडलं, भलतंच बरळलं, काकींचा काही संबंध नाही. म्हातारा आत जाईल, ताट ओढून घेईल. थयचं घरही कुठं जात नाही. किती सोपं होतं.

"होय," तो म्हणाला. "खोटंच..."

"झिला." आतनं प्रणिताचा आवाज आला. सुरी खाली ठेवल्याचा आवाज आला. ती दारापर्यंत आली, माशाचे हात तसेच समोर धरून. "आता आणखी खोटा नको."

मग ती सासऱ्याच्या समोर जमिनीवर बसली. "मामंजी, ता माज्या मनातला होता. माजाच. पण मी बोलूक नाय. इतक्या वर्सांत एकदा तरी बोललंय? तुमका म्हायत आसा."

आजोबांनी उसाच्या फडाकडं बघितलं. "माज्या मनात काय वेगळा होता?" ते म्हणाले. "मी तांडेल. त्या रात्रीचो वारो माका कळाक नाय? पण मनात आसा म्हणान कोण भायर काढता?" मग शंभूकडं वळून, राग नाही काही नाही, नुसतं विचारल्यासारखं: "माणसाक आत ठेवूक काय तरी व्हया ना रे?"

शंभूला ह्याच्यापेक्षा मार चालला असता.

"आणि एक सांगतंय," आजोबा म्हणाले. "माज्या झिलाक मेलो म्हणान मिळालेला घर माका नको. तुमी दोगी जावा. मी हयसरच मरान."

प्रणितानं डोळे मिटले. शंभूनं ते चोरून बघितलं आणि लगेच नजर खाली घातली. चोरून बघणं संपवायचं होतं आता.

"काकी," तो म्हणाला, "ती मुलाखत रद्द हुतीया. चालकानं उंबरा हलवला असं मी कंपनीत जाऊन समोरासमोर सांगितलं, तर ती धरतच न्हाईत. पुन्हा घ्यायला लागतीया. पण परत पहिल्यापासनं. आणि तवा तुम्ही... तवा पास हुशीला असं न्हाई."

"कंठी लावूची लागात?"

"न्हाई. तोंडानं पण चालतंय. बाईंच्यासारखं."

"आणि तुजा काम?"

"ते जाणारच."

"तुका पकडतले?"

"काय म्हाईत."

प्रणिताच्या माशाच्या हातावर माशी बसली, तिनं दुसऱ्या मनगटानं हाकलली. थयचं घर, दारातल्या लाटा, तन्वी, समोर बसलेला म्हातारा, सगळं तिच्या डोळ्यांसमोरनं गेलं असणार. काय गेलं ते शंभूला कळायला मार्ग नव्हता. सवयीनं त्याची नजर खाली हातांकडं गेली. हात रिकामे होते.

"जा," प्रणिता म्हणाली. "सांग तेंका."

"मग नवऱ्याचं विचारलं तर काय म्हणणार तुम्ही? तेच? अ‍ॅट सी?" तोंडातनं निघून गेलं आणि त्यानं जीभ चावली.

प्रणिता उठून उभी राहिली. गळ्यावरचा ओरखडा अजून पुरता गेला नव्हता.

"ता माजा मी बघीन," ती म्हणाली.

आजोबा भिंतीला धरून उठले आणि घरात गेले. सुनेच्या हातचं पाणी मागतायत का, हे ऐकायला शंभूचे कान टवकारले. मग त्यानं स्वतःच पाठ फिरवली आणि अंगणाच्या टोकाला जाऊन उभा राहिला, आतलं ऐकू येणार नाही इतक्या लांब.

कंपनीचं ऑफिस कोल्हापुरात. रस्त्यावर एसटीचा धुरळा दिसत होता.

"च्या तरी घेऊन जा रे," प्रणिता दारातनं म्हणाली. "पायाक काय लागला तुज्या? बस जरा."

"नको काकी," शंभू म्हणाला. "बसलो तर उठवणार न्हाई मला. आत्ताच निघायला पायजे."